तांबडी गरी, देवबाग आणि मेव्हण्याची वही

गुरुवार रात्र

ट्रिपचं कारण घरात सांगितलं होतं "जरा समुद्राची हवा". खरं कारण माझ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात होतं, लाल रंगाचे दहा गळ, तीनशे वीस रुपयांचं पाकीट. झालं काय की मी दोनेक महिने रात्री झोपायच्या आधी ऑस्ट्रेलियातल्या गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत होतो. ते लोक ज्या माशाला व्हाइटिंग म्हणतात तो आपल्या मुडदुशीचा सख्खा चुलतभाऊ, आणि ही मंडळी त्याच्यासाठी लांब दांड्याचे लाल गळ वापरतात, गळाच्या वर लाल मणी ओवतात, कोणी लाल रबरी नळीचा तुकडा चढवतो. का तर म्हणे माशाला वाळूतला लाल किडा वाटतो. अमेरिकेत वेगळीच थिअरी, तिथे लाल गळ म्हणजे जखमी माशाचं रक्त, मोठा मासा रक्त बघून तुटून पडतो. एकाच लाल रंगाचा एका देशात किडा आणि दुसऱ्या देशात रक्त, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही. मी पाकीट घेतलं.

सोबत मेव्हणा. हा बँकेत ऑडिटला आहे आणि कुठेही गेला तरी खिशात एक छोटी वही असते, चहा प्यायला तरी लिहितो. मी त्याला म्हटलं की आपण प्रयोग करू, एक लाल गळ, एक साधा, बघू कोण जास्त मासे आणतो. तो म्हणाला, "भावजी, प्रयोग तुम्ही करा, नोंदी मी ठेवतो." तुतारी एक्सप्रेस रात्री बाराच्या सुमारास दादरहून सुटते, आम्ही ठाण्याला चढलो, वरचे बर्थ, रॉडची लांब पिशवी बघून टीसीने विचारलं की सतार आहे का.

दिवस पहिला, शुक्रवार

कुडाळला उतरून एसटीने मालवण. नेरूरपारच्या पुलावर गाडी आली की मी दरवेळी खिडकीला नाक लावतो, खाली कर्ली नदी पसरलेली असते आणि तिच्यात एखादा म्हातारा होडीत एकटा बसलेला दिसतोच. मालवणात उतरून रिक्षाने देवबाग. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, देवबाग म्हणजे एक लांब चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि टोकाला दोघांचा संगम. काही ठिकाणी तर घराच्या पुढच्या दारात समुद्र आणि मागच्या दारात खाडी.

आम्ही ज्यांच्याकडे उतरतो ते आबा. वय सत्तरीच्या पुढे, पूर्वी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जायचे, आता दोन खोल्या पर्यटकांना देतात आणि हौस म्हणून गरवतात. मी जेवण झाल्या झाल्या पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, एक गळ उचलला, उलटा सुलटा केला.

"ह्यां काय हाडल्यात?"

म्हटलं आबा, लाल गळ, परदेशात लोक यानेच मुडदुश्या काढतात. ते उठले, पडवीतल्या पत्र्याच्या डब्यातून स्वतःचा गळ आणला, आख्खा गंजलेला. "माझी गरी पण तांबडीच आसा. फुकटात झाली." मेव्हण्याने लगेच वहीत लिहिलं, काय ते दाखवलं नाही.

भरती-ओहोटीचं सांगायला हवं. मोबाइलमध्ये अ‍ॅप असतंच पण आबांचा हिशोब तोंडी, जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. पौर्णिमा मंगळवारी झालेली, म्हणजे शुक्रवारी तृतीया, तिनाची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला खाडी काठोकाठ, पाचदहा मिनिटं मागे-पुढे. मी अ‍ॅप उघडून बघितलं तर जवळजवळ तेच. मग अ‍ॅप बंद केलं.

तीन वाजता सुकती, म्हणजे ओहोटी लागली आणि आम्ही खाडीच्या बाजूला होडीत बसलो. मांडणी अशी: एकच तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, टोकाला शिसं, शिशाच्या वर वीतभर अंतरावर एक गळ आणि त्याच्या दोन वीत वर दुसरा. खाली लाल, वर साधा. दोघांना एकच आमिष, ताजी छोटी कोळंबी. माझ्या डोक्यात हे अगदी फुलप्रूफ होतं कारण एकच जागा, एकच वेळ, एकच माणूस, फरक फक्त रंगाचा. शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटत होतं.

आणि काय सांगू, पहिल्या दहा मिनिटांत टुकटुक. मुडदुशीचं ते चावणं ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल, दार वाजवल्यासारखं दोनदा टुकटुक आणि मग एकदम ताण. वर आली ती लाल गळावर. दुसरी लाल गळावर. तिसरी साध्या गळावर, चौथी परत लाल. सहा वाजेपर्यंत लाल सात, साधा दोन. मी जवळजवळ नाचत होतो आणि आबांना म्हणत होतो की बघा, बघा तुम्ही. आबा विडी ओढत होते. म्हणाले, "मासो रंग बघूक येता काय? पाणी चालता तवसर टाका, मगे च्या पिवया."

रात्री रव्यात घोळून तळलेल्या मुडदुश्या. गोव्यात हिला मुड्डोशी म्हणतात आणि तिकडचे लोक हिच्यासाठी वाट्टेल तो भाव देतात, का ते पहिल्या घासाला कळतं, काटा कमी आणि मांस असं की जिभेवर ठेवलं की सुटतं. मी सात-दोनचा स्कोअर जेवताना तीनदा सांगितला. आबांच्या घरच्या काकी तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "जेवा हो आधी."

दिवस दुसरा, शनिवार (संकष्टी)

पाण्याने मारलेली हाक ऐकू येते असं ज्याला वाटतं त्याने देवबागला शनिवारी सकाळी दहा वाजता उभं राहून बघावं. जेट स्की, बनाना बोट, पॅरासेलिंगच्या बोटी, संगमावर नुसता धुडगूस. लोकांचा धंदा आहे, तक्रार नाही, पण मुडदुशीला तो आवाज झेपत नाही आणि मलाही नाही. म्हणून आबांनी होडी खाडीत आत नेली, जिथे दोन्ही काठांना कांदळवन सुरू होतं.

चौथ, चारची पाऊणपट तीन, म्हणजे नऊपासून भरती चढायला लागलेली आणि चांगलं चालतं पाणी. पाण्याचा रंग मात्र वेगळा. काल संगमाजवळ हिरवट स्वच्छ होतं, इथे चहात थोडं दूध टाकल्यासारखं. मी हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसेनात. इथे मी पहिल्यांदा गप्प झालो, कारण ज्या पाण्यात माझा हात मला दिसत नाही त्या पाण्यात एक इंचाचा गळ लाल आहे की चंदेरी हे कोणाला कळणार.

आणि मग आमिष लावताना दुसरी गोष्ट लक्षात आली. ही मी हजार वेळा केलेली आहे पण कधी बघितलेली नाही. कोळंबीचं डोकं तोडायचं, शेपटीकडून गळ आत घालायचा, आणि ती मोजा चढवल्यासारखी दांड्यावर वर सरकवत न्यायची, शेवटी फक्त टोक बाहेर राहील इतकी. मी ते केलं आणि हातातला गळ बघत बसलो. लाल कुठे आहे? वर नाकं जिथे तंगूस बांधलंय तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका आणि खाली टोक. बाकी सगळा लाल रंग, बत्तीस रुपयांचा, कोळंबीच्या पोटात. ऑस्ट्रेलियावाले तो मणी वर, आमिषाच्या बाहेर का ओवतात ते तेव्हा कळलं. निदान तो दिसतो तरी. मी मात्र रंग घेऊन तो झाकून ठेवत होतो.

पण मासे परत लालवरच! दुपारी अडीचपर्यंत लाल नऊ, साधा चार. यात सगळ्याच मुडदुश्या नव्हत्या, दोन पालू, एक काळुंदर आणि एक शेंगटी, म्हणजे काटेवाली कॅटफिश होती. शेंगटीने माझा निकाल लावला. तिला सोडवताना बाजूच्या कल्ल्याजवळचा काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला आणि अशी कळ गेली की डोळ्यांसमोर अंधारी. आबांनी होडी सरळ घराकडे वळवली आणि लांबूनच ओरडले, "अगो, गरम पाणी हाड!" सोसवेल तितक्या कढत पाण्यात अर्धा-पाऊण तास हात धरून बसलो. हा उपाय नुसता आजीबाईचा नाही, त्या विषात प्रथिनं असतात आणि ती उष्णतेने मोडतात, म्हणून ठणका उतरतो. मेव्हणा समोर बसून वहीत बघत होता आणि हात बादलीत असलेल्या माणसाशी वाद घालायची ही वेळ नाही हे त्याला कळत नव्हतं.

"भावजी, एक क्वेरी आहे. दोन्ही दिवस लाल गळ खालीच का?"

"मग कुठे ठेवू?"

"म्हणजे मासे लाल गळावर आले की खालच्या गळावर आले, हे कसं सांगणार?"

मी बादलीत बघत राहिलो. आबांना ही क्वेरी आवडली. ते म्हणाले, "तां मी कालच सांगतलंय असतंय, पण तुमी ऐकणार नाय व्हतास. मुडदुशी वाळूत तोंड घालून खाता. खालची गरी तिच्या तोंडासमोर, वरची डोक्यावर." झालं. दोन दिवसांचं माझं शास्त्र एका ऑडिट क्वेरीत आडवं.

त्या दिवशी पकडलेलं सगळं फ्रीजमध्ये. संकष्टी होती, घरात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि मोदक, तेही चंद्र उगवल्यावर. बांगडे सोडले तर ट्रिपमधला सगळ्यात जास्त मासा आला तो नेमका या दिवशी, याला काय म्हणायचं.

संध्याकाळी चंद्र उगवायला वेळ होता आणि अंगठा बरा वाटत होता म्हणून मालवणच्या जेटीवर म्हाकूल, म्हणजे स्क्विड बघायला गेलो. समोर सिंधुदुर्ग किल्ल्याची काळी रेघ, जेटीवर दहा-बारा पोरं हेडलाइट लावून. म्हाकुलाला साधा गळ चालत नाही, कोळंबीच्या आकाराचं एक खोटं आमिष असतं आणि त्याच्या शेपटाला सुयांचा मुकुट. पोरांकडे याचे जे रंग होते, गुलाबी, नारिंगी, पोपटी, जांभळा, एकाकडे तर इंद्रधनुष्य, दिवाळीच्या रांगोळीचं दुकान वाटावं. आणि गंमत सांगतो, म्हाकूल रंगांधळं असतं. जवळजवळ सगळ्या म्हाकुल-ऑक्टोपस जातींच्या डोळ्यात प्रकाश टिपणारं रंगद्रव्य एकाच प्रकारचं असतं, आणि रंग ओळखायला किमान दोन लागतात. जपानजवळचं एक काजव्यासारखं चमकणारं छोटं म्हाकूल अपवाद, त्याच्यात तीन सापडलीत. बाकी सगळ्यांना नारिंगी आणि जांभळा यात दिसतो तो गडद-फिक्याचा फरक. मी हे एका पोराला सांगितलं. तो म्हणाला, "काका, पण नारिंगीवरच येतंय ना." त्याच्या बादलीत तीन होती, माझ्या बादलीत शून्य, त्यामुळे चर्चा तिथेच संपली. थोड्या वेळाने त्याने काळपट जांभळं लावलं आणि त्यावर चौथं आलं, वर येताना शाईची पिचकारी माझ्या शर्टावर. मी काही बोललो नाही, फक्त मेव्हण्याकडे बघितलं, तो लिहीत होता.

चंद्र साडेनऊच्या आसपास नारळांच्या मागून वर आला, काकींनी आरती केली, जेवलो. पडवीत बसून मी मेव्हण्याला फ्रिशची गोष्ट सांगितली. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत हेस नावाचे मोठे नेत्रतज्ज्ञ होते, त्यांचं ठाम मत की माशांना रंग दिसतच नाहीत. कार्ल फोन फ्रिश नावाचा तरणा संशोधक त्यांच्या विरोधात उभा राहिला. त्याने छोट्या माशांना ठराविक रंगाबरोबर खाणं द्यायची सवय लावली, मग खाणं काढून घेतलं, तरी मासे तोच रंग शोधत यायचे, बाजूला तितक्याच उजळ करड्या छटा ठेवल्या तरी फसायचे नाहीत. म्हणजे रंग दिसतो. हाच फ्रिश पुढे मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारा, 1973 चं नोबेल. तर माशाला रंग दिसतो की नाही हा वाद कधीच मिटलाय, दिसतो. पण सगळ्यांना सगळे दिसत नाहीत. गोड्या, गढूळ पाण्यातल्या पुष्कळ माशांची नजर लालकडे झुकलेली, समुद्रातल्यांची बहुतेक निळ्या-हिरव्याकडे. 2019 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी अमेरिकेतल्या बास माशाची परीक्षा घेतली, त्याला लाल आणि हिरवा मस्त ओळखू येतो पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यात गोंधळ, निळा आणि काळा यात गोंधळ. आणि दुकानात पोपटी-पिवळा हा भरपूर खपणारा रंग!

मेव्हणा म्हणाला, "म्हणजे मासा गिऱ्हाईक नाहीच, गिऱ्हाईक तुम्ही." मी झोपायला गेलो.

दिवस तिसरा, रविवार

पहाटे साडेपाचला आबांनी उठवलं, बांगडा लागलाय म्हणाले. थंडी बऱ्यापैकी, समुद्र चादरीसारखा. मशीन लावून संगमातून बाहेर, भोगव्याच्या किनाऱ्यासमोर कुठेतरी थांबलो, शिसं सोडून बघितलं तर सहा वाव पाणी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं ते अंतर, आबा अजून फुटात-मीटरात बोलत नाहीत.

बांगड्याला आमिष लागत नाही, त्याला चमक लागते. माझ्याकडे जपानी पद्धतीची सबिकी होती, एका तंगूसाला सहा छोटे गळ आणि प्रत्येकावर चकचकीत माशाच्या कातडीचा तुकडा, गुलाबी धागा, चमकणारा मणी. आबांकडे सहा गंजके गळ आणि त्यांना दुधाच्या पिशवीच्या पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या. वर खाली, वर खाली हलवायचं. थवा खालून गेला की एकदम पाच-सहा बांगडे, हात थरथरतो. इथे मोजायची सोयच नव्हती, मेव्हण्याने दोनदा प्रयत्न केला आणि मग वही ठेवून तोही ओढायला लागला. ढोबळ सांगायचं तर आबांच्या दुधाच्या पिशवीने माझ्या सबिकीची जरासुद्धा लाज राखली नाही. पण एक गोष्ट मान्य, इथे गळ उघडा असतो, त्यामुळे जे काही दिसायचं ते माशाला दिसतं. आबांनी एक गळ मुद्दाम पट्टी न लावता ठेवला होता, त्यावर एकही आलं नाही. म्हणजे चमकणारं, हलणारं, आजूबाजूपेक्षा वेगळं उठून दिसणारं काहीतरी लागतंच.

थवा गेला आणि पाणी एवढं नितळ होतं की मला एक खाज सुटली. मी गळांचं रिकामं लाल पाकीट शिशाला बांधलं आणि हळूहळू सोडलं, तिघेही होडीच्या कडेवरून वाकून बघतोय. एक वाव गेलं, लाल. दीड, लालच पण मळका. दोन वावाला ते कलेजीच्या रंगाचं झालं, म्हणजे अगदी बाजारात ताटात ठेवतात तसं. अडीचला काळपट तपकिरी. तीनच्या पुढे एक काळा ठिपका आणि मग तोही नाही. पाणी लाल उजेड आधी पिऊन टाकतं, निळा सगळ्यात खोल जातो, हे शाळेत वाचलेलं असतं पण डोळ्यांसमोर लालाचा काळा होताना बघणं वेगळंच. अर्थात वरून बघताना उजेडाला खाली जाऊन परत वर यायचं असतं, दुप्पट रस्ता, त्यामुळे तळाशी असलेल्या माशाला आमच्यापेक्षा जरा बरा दिसत असेल. पण सहा वावावर लाल गळ म्हणजे काळा गळ, यात वाद नाही. आणि खाडीतल्या गढूळ पाण्यात हा नियम तसाच लागू पडत नाही, तिथे पाला कुजून सुटलेला रंग आणि गाळ आधी निळाच खातात, त्यामुळे जो काही थोडा उजेड उरतो तो पिवळा-तांबूस. पण उजेडच एवढा कमी की त्यात बघायचं काय.

आबा म्हणाले, "पाकीट वर काढा, कचरो नको समुद्रात." काढलं.

दुपारी बांगड्याचं तिखलं, भरपूर तिरफळं घातलेलं, आणि भात. मी तीन वेळा भात घेतला. झोप अनावर होत होती पण मेव्हण्याने उठवून बसवलं, ऑडिट पूर्ण करायचं होतं.

परत शुक्रवारचीच जागा. पंचमी, पावणेचारला पूर्ण भरती, बोटींचा गोंगाट जरा ओसरलेला. यावेळी साधा गळ खाली, लाल वर. आणि त्याआधी आबांनी एक गोष्ट शिकवली जी मला पंधरा वर्षं गरवूनही माहीत नव्हती याची लाज वाटते. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढायचं. धारदार असेल तर नखात रुततो, जागचा हलत नाही. बोथट असेल तर घसरतो. आबांचा गंजका गळ रुतला. माझा साधा गळ रुतला. लाल गळ घसरला. दुसरा लाल काढला, तोही घसरला, नखावर फक्त एक लालसर ओरखडा. रंगाचा थर टोकावरही चढलेला होता, सुईला नेलपॉलिश लावल्यावर काय होईल तसं. आबांनी छोट्या कानशीने दोन घास मारले, लाल गेला, खालचं पोलाद दिसलं, मग रुतला. सगळेच लाल गळ असे असतात असं मी म्हणणार नाही, चांगल्या कंपन्या टोक नीट ठेवतात, माझं पाकीट भिकार निघालं असेल. पण दोन दिवस मी बोथट गळ वापरून जिंकत होतो, म्हणजे तळाची जागा किती जबरदस्त असेल बघा.

साडेसहापर्यंत बसलो. खालचा साधा गळ आठ, वरचा लाल तीन.

मेव्हण्याने टॉर्च लावून वही उघडली आणि होडीतच बेरीज केली. तीन दिवस, बांगडे सोडून, एकूण तेहतीस. लाल एकोणीस, साधा चौदा. माझा चेहरा खुलला. मग त्याने त्याच आकड्यांची दुसरी बेरीज केली. खालचा गळ चोवीस, वरचा नऊ. आणि तिन्ही दिवस खालचाच पुढे, रंग कुठलाही असो. मी म्हटलं तेहतीस मासे म्हणजे काही फार नाहीत, आज पाणी वेगळं, वेळ वेगळी, लाल तर आज पहिल्यांदाच वर होता. तो म्हणाला मान्य, क्वालिफाइड रिपोर्ट, म्हणजे शंका नोंदवून रिपोर्ट देतो, पण लालच्या बाजूने पुरावा शून्य.

आबांनी या सगळ्यात एकदाही वहीत डोकावलं नाही. ते त्यांच्या हातदोरीवर होते, एकच गळ, तळाला, आणि त्यांच्या टोपलीत बारा-तेरा मुडदुश्या होत्या त्या कोणी मोजल्याच नाहीत. मी विचारलं, आबा, तुमच्याकडे एवढ्या कशा. त्यांनी कोळंबीची वाटी पुढे केली. त्यांची कोळंबी अजून उड्या मारत होती, ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली. माझी प्लास्टिकच्या डब्यात उन्हात दोन तास, वास यायला लागलेला. "शेंगटेक ती चलता," म्हणाले, "मुडदुशेक ताजां व्हया." अंगठा आपोआप दुखायला लागला.

दिवस चौथा, सोमवार

सकाळी गळ आवरायला घेतले. शुक्रवारी वापरलेल्या लाल गळांचा रंग वाकणाच्या आतल्या बाजूने सोलला होता आणि तिथे गंज धरलेला, म्हणजे लाल रंगाखालून दुसरा लाल. दहातले चार शेंगटी आणि खडकांनी खाल्लेले, दोन गंजलेले, चार नवे. ते चार आबांना देऊ केले. त्यांनी दोन घेतले, म्हणाले नातवाक दाखवूक. काकींनी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून बांगडे आणि मुडदुश्या बांधून दिल्या, वर केळीची पानं, आणि बजावलं की खोकं बर्थखाली ठेवा, वर नको, पाणी गळतं. गळलंच, पण ते पनवेलला.

कुडाळ स्टेशनवर गाडी अर्धा तास लेट होती. वडापाव खाल्ले. मेव्हण्याने वहीचं शेवटचं पान उघडून ट्रिपचा हिशोब काढला, तिकिटं, रिक्षा, राहणं-जेवण, होडीचं डिझेल, बर्फ, सगळं दोघांत निम्मं निम्मं. मी खाली वाचत गेलो तर एक ओळ वेगळी होती, निम्म्यात न धरलेली, पुढे फक्त माझं नाव.

लाल गळ, 320.

मी म्हटलं अरे, प्रयोग दोघांचा होता. तो म्हणाला, "भावजी, पहिल्याच दिवशी ठरलं होतं, प्रयोग तुमचा, नोंदी माझ्या," आणि वडापावचे बेचाळीस लिहायला लागला.